दाट रानात पक्षी दिसतच नाहीत, असं का?

केरळातलं तट्टेकाड आणि तमिळनाडूतलं वालपराई इथे पक्षी बघायला मी सहा जणांना घेऊन जाते, त्या जानेवारीतल्या फेरीबद्दल मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या आणि त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळी माळावरच्या पक्ष्यांचे प्रश्न बाजूला ठेवून सगळं सदर वर्षावनालाच देते आहे. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात घेईन.

पहिलं पत्र असं: आम्ही दोघं सोलापुरात, जुळे सोलापूर भागात राहतो. नान्नजच्या माळावर एका सकाळी चाळीस जातींचे पक्षी सहज मोजतो. गेल्या डिसेंबरात एका सहल कंपनीबरोबर केरळच्या वर्षावनात गेलो. बसमध्ये बावीस जण होते. तीन दिवसांत अकरा पक्षी दिसले, त्यात कावळा आणि साळुंकीही आली. पैसे गेले त्याचं वाईट वाटत नाही, पण आमची नजरच कमी पडली की काय, हे मनातून जात नाही. पुन्हा जावं का?

जरूर जा. तुमच्या नजरेला काही झालेलं नाही. ती माळावर घडलेली नजर आहे आणि माळाची सवय रानात आडवी येते. माझंही पहिल्या वेळी हेच झालं होतं.

नान्नजला आपण काय करतो? गाडीतून उतरतो, दुर्बीण लावतो आणि क्षितिजापर्यंत नजर फिरवतो. चंडोल अर्ध्या फर्लांगावरून ओळखू येतो. काळवीट तर त्याच्याही पलीकडून दिसतं. उन्हाला आडोसा नाही, पक्ष्यालाही नाही. वर्षावनात वरची पानं ऊन पिऊन टाकतात आणि जमिनीपर्यंत शंभरातले दोन-एक भागच उजेड पोचतो. समोर वीस फुटांवर वेलींची भिंत, आणि पक्षी बसलेला शंभर फूट उंच झाडाच्या शेंड्यावर, आभाळाच्या उजेडात काळा ठिपका होऊन. तिथे माळासारखी नजर फिरवत राहिलात तर फक्त पानं दिसतील. तुम्हाला तेच दिसलं.

तिथे आधी कान लावायचा. माझ्या वहीत रानातल्या पहिल्या दिवसाची पानं काढून पाहिली, तर जवळजवळ प्रत्येक नोंदीपुढे आधी ‘ऐकला’ आणि मग, कधी दुसऱ्या दिवशी, ‘पाहिला’ असं लिहिलेलं आहे. म्हणून जाण्याआधी महिनाभर रोज पंधरा मिनिटं आवाज ऐका. फार नाही, पंधरा-वीस पक्ष्यांचे पुरेत. शीळकरी कस्तूर, कुटुर्गा, भृंगराज, मलबारी राखी धनेश, कर्णा. कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे पक्षी ओळखायचं अ‍ॅप घरी अभ्यासाला चांगलं आहे. रानात मात्र मोबाइल खिशात ठेवा, त्याबद्दल खाली एका पत्रात लिहिलंच आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या सहलीत कोणी सांगितली नसणार. वर्षावनात तासभर एकही पक्षी नसतो आणि मग पाच मिनिटांत तीस असतात. हे नशिबाचं काम नाही. तिथले कितीतरी पक्षी मिश्र थव्यात फिरतात. बुंध्यावर सुतार आणि शिलींध्री, मधल्या फांद्यांवर बुलबुल आणि माशीमार, शेंड्यावर लालभडक निखार, आणि या सगळ्यांबरोबर राखणदारासारखा भृंगराज. एकाने पानं हलवली की उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो, आणि शिक्रा आला तर इतक्या डोळ्यांपैकी एक तरी त्याला बघतो. भृंगराज ओरडला की सगळे जागच्या जागी गप्प. असा थवा रानातून हळूहळू सरकत असतो. तुम्ही चालत राहिलात तर तो तुमच्या मागून निघून जाईल. एखाद्या वळणावर, जिथे थोडं आभाळ उघडं आहे तिथे, अर्धा-पाऊण तास नुसतं उभं राहायचं. आमच्या गटात तेव्हा मी प्रत्येकाला झाडाचा एकेक मजला वाटून देते. तुम्ही बुंधा बघा, तुम्ही मधल्या फांद्या, तुम्ही शेंडा. थवा आला की आपापल्या मजल्यावरचं हळू आवाजात सांगायचं. सगळ्यांनी सगळं बघायला गेलं की कोणालाच काही दिसत नाही.

सकाळचे पहिले दोन तास दाट रानात शिरूच नका. रानाच्या कडेच्या डांबरी रस्त्यावर थांबा. ऊन आधी शेंड्यांवर येतं, पक्षी तिथे अंग शेकायला येतात, आणि बाहेरून मान कमी मोडते. दुर्बीण आठ पटीची, बेचाळीस मिलिमीटरच्या भिंगाची घ्या. माळावर दहा पटीची बरी, पण कमी उजेडात आणि जवळच्या पक्ष्याला आठच चांगली.

आणि एक दृश्य सांगते. तट्टेकाडला स्थानिक वाटाड्याने आम्हाला एका वेलींच्या जाळीपाशी नेलं आणि हाताने ‘बघा’ अशी खूण केली. सहा-सात फुटांवर चार वाळकी पानं एका काटकीवर अडकली होती. मी त्यांच्या मागे बघत होते, वर बघत होते. त्याने पुन्हा तीच खूण केली. मग एका पानाला पापणी असल्याचं दिसलं. ती किंचित उघडली, आत पिवळट डोळा, आणि पुन्हा मिटली. बेडूकतोंड्या होता, पक्षीवाले ज्याला फ्रॉगमाउथ म्हणतात तो. नर राखाडी, मादी तांबूस, एकमेकांना चिकटून बसलेले. चार पानांतली दोन खरोखरच पानं होती. या पक्ष्याचं घरटं तळहाताहून लहान, शेवाळ आणि पिसांचं, त्यात एकच अंडं. दिवसा बहुधा नर त्यावर बसतो, कारण दिवसा हलायचं नाही हेच त्याचं काम. आम्ही तिथे तीन मिनिटं थांबलो आणि मागे फिरलो. त्या तीन मिनिटांसाठी मी पुन्हा तीस तासांचा प्रवास करीन.

सलीम अली १९३३ साली त्रावणकोर संस्थानातल्या पक्ष्यांच्या पाहणीसाठी या भागात फिरले होते. सारं द्वीपकल्प पालथं घातलेल्या त्या माणसाने तट्टेकाडइतकी पक्षीसंपन्न जागा दुसरी नाही, असं म्हणून ठेवलं. पुढे १९८३ साली पेरियारच्या काठचं हे अभयारण्य त्यांच्याच नावाने झालं. आकाराने ते लहानच आहे, २५ चौरस किलोमीटरच्या आसपास. तेव्हा तीन दिवस एकाच जागी राहिलात तरी काही हुकत नाही, उलट तेच बरं. तुमच्या सहलीने तीन दिवसांत तीन ठिकाणं केली असावीत, असा माझा अंदाज आहे.

ताई, तुम्ही सहाच जणांना नेता. दहा जण नेले तर प्रत्येकाचा खर्च कमी होईल. आमचा अकलूजचा आठ जणांचा गट आहे, दोघांना कसं वगळणार?

दोघांना वगळू नका, चार-चारच्या दोन फेऱ्या करा. मी सहावर का अडून बसते ते सांगते.

सात-आठ वर्षांपूर्वी वालपराईला एका चहामळ्याच्या कडेला आम्ही राजधनेशाच्या ढोलीसमोर उभे होतो. मी तेव्हा दुसऱ्याच्या गटात होते, आम्ही अठरा जण. राजधनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेने आणि फळांच्या चोथ्याने दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत तिची उडायची पिसं गळून पडतात. मग कित्येक आठवडे ती आणि पिल्लू नराच्या भरवशावर. तो उंबराच्या कुळातली फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून देतो.

आधी आवाज आला. लोहाराच्या भात्यासारखा, हुफ्‌-हुफ्‌, दरीतून वर येणारा. मग तो दिसला. पिवळी चोच, त्यावर ती टोपी, पंखांवर पांढरा पट्टा. समोरच्या झाडावर उतरला. आणि आमच्यातल्या पाच-सहा जणांनी एकदम ‘आला, आला!’ केलं. कोणीतरी फोटोसाठी दोन पावलं पुढे गेलं, त्याच्यामागे आणखी चौघं. नर फांदीवर बसला तो बसलाच. गळा फळांनी फुगलेला स्पष्ट दिसत होता. ढोलीच्या फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलं, आत गेलं, पुन्हा आलं. चाळीस मिनिटं मी घड्याळात बघत होते. मग तो उडाला आणि दरीत उतरला, फळं तशीच घेऊन. मला त्या गटाच्या म्होरक्याला ‘चला मागे’ असं म्हणायचं होतं आणि मी म्हटलं नाही, नवखी होते म्हणून. ती गोष्ट मला अजून टोचते.

तेव्हापासून सहा. सहा जणांना एक गाडी पुरते, एक वाटाड्या पुरतो, आणि मागच्या माणसापर्यंत खूण पोचते. रानातली वाट एकामागे एक चालायची असते. कर्णा बसला असेल तर तो पानांच्या तळहाताएवढ्या खिडकीतून दिसतो, आणि ती खिडकी एकाच जागेवरून असते. पहिला बघतो, बाजूला होतो, दुसरा बघतो. सहावा पोचेपर्यंत पक्षी थांबतो. अठराव्यासाठी नाही थांबत.

मुलगी बारा वर्षांची आहे, तिला पक्ष्यांचं फार वेड. पण जळवांच्या भीतीने तिची आजी जाऊ देत नाही. काय सांगू? – बार्शी

आजींना सांगा, आपल्याकडे वैद्य मुद्दाम जळू लावायचे. वर्षावनातली जळू तेवढीच निरुपद्रवी असते, फक्त न विचारता लागते. चावल्याचं कळतही नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून ती सुटल्यावर थोडा वेळ रक्त वाहत राहतं आणि मोजा लाल झालेला बघून माणूस घाबरतो. ओढून काढायची नाही. नखाने तिचं तोंड बाजूला सरकवायचं, दुसरं टोकही सोडवायचं, मग साबणाने धुऊन कापूस दाबून धरायचा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

जानेवारी-फेब्रुवारीत जळवा कमीच असतात. तरी गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे घ्या. मी माझे इथल्याच शिंप्याकडून जाड मांजरपाटाचे शिवून घेतले, फिक्या रंगाचे, म्हणजे चढणारी जळू लगेच दिसते. विजार मोज्याच्या आत खोचायची. वाटेच्या मधोमध चालायचं, ओल्या पाचोळ्यावर बसायचं नाही. मिठाच्या पुरचुंड्या नेऊन जळवांवर टाकायची पद्धत मला पसंत नाही. ते रान तिचं आहे. मुलीला एक भिंग द्या, जळू कशी उभी राहून हवेत वास घेते ते तिने एकदा पाहिलं की तीच आजीला समजावेल.

वालचंद कॉलेजला शिकतो. पक्ष्याचा आवाज मोबाइलवर वाजवला तर तो लगेच समोर येतो. एवढ्या लांब जाऊन पक्षी दिसलाच नाही तर? एखाददा वाजवलं तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंत हे चांगलं केलंत, पुष्कळ जण विचारत नाहीत.

नराला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो गाणं, खाणं, पिल्लाला भरवणं सोडून भांडायला येतो, आणि समोर कोणीच नसतं. तुम्ही एखाददा वाजवलंत, ठीक. पण त्याच वळणावर काल दुसरा गट होता, उद्या तिसरा येईल, आणि तो पक्षी तोच आहे. हिवाळ्यात आपल्याकडून दक्षिणेला उतरलेला नवरंग संध्याकाळी नेमाने दोनदा शीळ घालतो. तो झुडपाखालून कधी बाहेर येतो ते बघायला पंधरा मिनिटं उकिडवं बसायची तयारी ठेवा. नाही आला तर ‘ऐकला’ लिहा. ‘ऐकला’ ही पूर्ण नोंद आहे, अर्धी नाही. बेडूकतोंड्यासारख्या पक्ष्यावर फ्लॅशही मारायचा नाही. माझ्या गटात या दोन गोष्टींवर सूट नाही, आणि तुम्ही आलात तर तुम्हालाही नसेल.

वय अडुसष्ट, गुडघे दुखतात. आयुष्यात एकदा सिंहपुच्छ वानर बघायचं आहे. जमेल का? – पंढरपूर

जमेल काका, आणि फार चालावंही लागणार नाही. आळियारहून वालपराईला चढताना घाटात चाळीस वळणं आहेत, त्यांचाच काय तो त्रास, पोटात फार काही न भरता गाडीत पुढे बसा. वर गावाजवळच चहामळ्यांच्या मध्ये रानाचे तुकडे उरलेत आणि त्यात ही वानरं आहेत. काळंभोर अंग, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीला सिंहासारखा गोंडा. जगात फक्त पश्चिम घाटात. रस्ता ओलांडताना गाडीखाली येऊ नयेत म्हणून झाडांमध्ये वरून पूल बांधलेत, त्यावरून जाताना मी त्यांना पाहिलं आहे. एका मादीच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं, ती पुलाच्या मध्यावर थांबली, खालून ट्रक जाऊ दिला, मग पुढे गेली. तट्टेकाडला पाणवठ्यासमोर आडोसे बांधलेले असतात. एक घडीची खुर्ची न्या आणि दुपारभर बसा. केशरी डोक्याचा कस्तूर तुमच्या पायापासून दहा फुटांवर अंघोळ करील.

गाडीचं म्हणाल तर पुण्याहून कन्याकुमारीला जाणारी एक्सप्रेस आपल्या सोलापूर स्टेशनवरूनच जाते, कोइमतूरला उतरून वालपराई, पुढे एर्नाकुलमहून तट्टेकाड. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या. दमट हवेत चटणीचा डबा घट्ट लावा. कडक भाकरी मात्र दुसऱ्या दिवशी मऊ पडते, आधी संपवा.

महाराष्ट्रात सह्याद्री असताना केरळ कशाला? हा आपल्या रानाचा अपमान नाही का?

नाही. मी आंबोलीला आणि राधानगरीला दरवर्षी जाते, आणि ज्याला केरळ जमत नाही त्याने तिथे जावं असंच सांगते. आंबोलीचा एक भेक जगात दुसरीकडे कुठेच सापडलेला नाही, २००९ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हटलं गेलं, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या आपल्या चार आहेत.

पण फरक आहे, आणि तो पावसाच्या एकूण मापाचा नाही. आंबोलीला पाऊस धो-धो पडतो, पण चार महिन्यांत उरकतो. पुढचे सात-आठ महिने रान कोरडं. दक्षिणेत नैर्ऋत्येचा पाऊस संपतो न संपतो तोच परतीचा सुरू होतो, मार्च-एप्रिलपासून वळवाचा येतो. कोरडे महिने दोन-चारच. त्यामुळे तिथे वर्षभर कुठे ना कुठे झाडाला फळ असतं, आणि फळ आहे म्हणून धनेश आहे. रान खरोखर सदाहरित होतं ते यामुळे. आपल्याला तर हे पटकन कळायला हवं. ढगांचं पाणी सह्याद्रीने पलीकडेच उतरवून घेतलं म्हणून सोलापूरला वर्षाला साडेपाचशे-एक मिलिमीटर उरतो, आणि कर्नाटकातल्या आगुंब्याला सात हजारांच्या वर पडतो. एकाच डोंगराने एका बाजूला वर्षावन केलं आणि दुसऱ्या बाजूला माळ. मला दोन्ही बघायची असतात.

मी आठवीत आहे, मोहोळला. आपण केरळला पक्षी बघायला जातो, तसे केरळचे लोक आपल्याकडे येतात का?

येतात गं. मागच्या हिवाळ्यात तट्टेकाडचा एक वाटाड्या माझ्याकडे चार दिवस आला होता. त्याला पट्टकादंब बघायचे होते, ते हिप्परग्याच्या तलावावर पहिल्याच सकाळी दिसले. माळढोक आता नान्नजला दिसणं किती अवघड झालंय ते मी त्याला आधीच सांगितलं होतं, तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माळावर गेलो. गाडीतून उतरल्यावर तो बराच वेळ नुसता चारी बाजूंना बघत राहिला. म्हणाला, इथे झाडच नाही, पक्षी लपतो कुठे?

मी त्याला पंधरा-वीस पावलांवर मुरमाकडे बोट दाखवलं. तो दगडांकडे बघत होता. मग दुर्बीण लावून बघितलं. मी पुन्हा तिकडेच बोट केलं, वर नको, लांब नको, इथे. ज्याने मला पानांतला बेडूकतोंड्या दाखवला होता त्यालाच दिसेना. आम्ही उन्हात तसेच उभे राहिलो. मग त्यातला एक दगड चार पावलं तुरुतुरु धावला आणि थांबला. धाविक होता, डोळ्यावर पांढरी भुवई, छाती विटकरी. वाटाड्याने माझा हात घट्ट धरला आणि कुजबुजत मल्याळममध्ये काहीतरी म्हणाला.